स्वच्छ केलेल्या कॅसेटी

बाबांची पुस्तकं आता कुणी वाचत नाही, पण विद्यापीठाने त्यांच्यासाठी एक अख्खं कपाट राखून ठेवलं आहे. तळघरात, विशेष संग्रह विभागात, करड्या खोक्यांमध्ये बाबा नीट लावून ठेवलेले आहेत. पत्रं, टिपणं, मानपत्रं, दोन चष्मे. आईचं तिथे काहीच नाही. तिने घर चालवलं, आणि चालवलेलं घर खोक्यात भरता येत नाही.

तरी मी तिथे गेले ती आईसाठीच. थोरल्या भावाला हे सांगितलं तेव्हा तो हसला. बाबा गेल्यावर सगळा पसारा टेम्पोत घालून विद्यापीठाला देणारा तोच.

"अगं, तिथे आई कुठली आलीय?"

"कॅसेटींवर आहे ना, दादा."

बाबांचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला आणि मांजराचे कुत्र्याला. म्हणून ते पुस्तकं टेपरेकॉर्डरवर बोलायचे आणि त्यांचा टंकलेखक ती ऐकून टाइप करायचा. बोलायला बसायचे जेवणाच्या टेबलाशी, कारण दिवा तिथलाच बरा होता. पलीकडे स्वयंपाकघर. आई काम करता करता मध्येच तोंड घालायची. बाबा मातीच्या शास्त्राचे प्राध्यापक. "सगळा जन्म मातीत घातलात, आता ताटाकडे बघा," असं तिचं चालायचं.

तिला जाऊन बरीच वर्षं झाली. चेहरा फोटोंमध्ये आहे. आवाज कुठेच नाही. फोनवरही ती बोलायची नाही; वाजला की उचलून बाबांच्या हातात द्यायची आणि मोकळी व्हायची. गेल्या हिवाळ्यात भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की तो आवाज मला आठवत नाही. शब्द आठवतात, टोमणे तर सगळे पाठ आहेत, पण ते तिच्या आवाजात ऐकू येत नाहीत. मी घाबरले. आई दुसऱ्यांदा जात होती, आणि या वेळी माझ्याच डोक्यातून.

संग्रहपाल बाई शिस्तीच्या होत्या. पिशवी बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, पेनसुद्धा बाहेर. ज्या माणसाच्या घराच्या भिंती मी लहानपणी शाईने रंगवल्या, त्याच्या कागदांजवळ मला पेन न्यायची बंदी होती. पण मी सरांची मुलगी हे कळल्यावर त्या पाघळल्या. स्वतः खुर्ची ओढून दिली, संगणकावर उतरवून घेतलेल्या कॅसेटींची यादी उघडली आणि हेडफोन पुसून माझ्या हातात ठेवला.

बाबा बोलू लागले. इतके स्पष्ट की मी दचकलेच. नदीकाठची गाळाची माती, तिचे थर, तिचा रंग. मग ते थांबले. "हो," म्हणाले. पुन्हा शांतता. "एवढा परिच्छेद होऊ दे." पुन्हा शांतता. ती साधी शांतता नव्हती. तिच्यात नळ नव्हता, ताटली नव्हती, खुर्चीची करकर नव्हती. मी दुसरी कॅसेट लावली, मग तिसरी. सगळीकडे तेच.

"मधे मधे काहीच कसं नाही हो?" मी बाईंना विचारलं.

त्यांचा चेहरा खुलला. "साफ केलंय ते. आमचे ध्वनितंत्रज्ञ महिनोन्महिने बसले होते. भांडी काय, नळ काय. आणि मागे एक बाई सारख्या बोलायच्या. त्यांना काढताना तर तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले. सरांच्या आवाजात मिसळलेल्या होत्या ना. पण आता शोधून सापडायच्या नाहीत."

"मूळ कॅसेटी?"

"बुरशी धरली होती. बाकीच्या संग्रहाला लागू नये म्हणून नष्ट कराव्या लागल्या."

"आणि साफ करण्याआधीची प्रत?"

"एका गोष्टीच्या दोन प्रती आम्ही ठेवत नाही. चांगली ठेवतो."

मला त्यांना फाडून खावंसं वाटलं. पण बाईंनी जीव लावून काम केलं होतं, आणि जीव लावून काम करणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

"ती बाई म्हणजे माझी आई," मी म्हटलं.

"कुठे नोंद नव्हती हो," त्या पुटपुटल्या. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी तंत्रज्ञांना फोन केला. आवाज हळू ठेवला होता, तरी मला ऐकू येत होतं. त्यांनी दोनदा विचारलं, काहीच राहिलं नाही का. परत आल्या तेव्हा त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली आणि माझ्या टेबलापासून लांब जाऊन बसल्या.

मी पहिली कॅसेट पुन्हा लावली. बाबा गाळाच्या मातीपाशी आले, "एवढा परिच्छेद होऊ दे" म्हणाले आणि थांबले. इथे ती काय म्हणाली असेल ते मला ठाऊक होतं. रोज तेच म्हणायची. वाचनकक्षात बोलायला मनाई होती. मी बोलले.

"जेवण गार होतंय. उठा आता."

शब्द तिचे होते, ओढून बोलायची पद्धतही तिचीच. आवाज माझा होता, घोगरा, बसलेला. तिचा त्यात कणभरही नव्हता.

"अगं, किती वेळा सांगशील?" बाबा माझ्या कानात वैतागून म्हणाले. "आलो."

आणि ते पुढे मातीबद्दल बोलू लागले.