तेल पाजलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे, आणि छातीठोकपणे सांगते, आजवर मी एकाही माणसाला पाडलेलं नाही. हां, ते एक गृहस्थ सोडा. आणि त्यांना उचलायला वाकलेली त्यांची बहीण सोडा. बहिणीला उचलायला धावलेले शेजारी माझ्यावर बसलेच नव्हते, ते नुसते माझ्या पायपट्टीला अडखळले. त्यांना मी मोजतच नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी झकास दिसायचे. निळी कोरी बैठक, चकचकीत दांडे, मागे दोन मोठी चाकं, पुढे दोन छोटी. मला विकत घेतलं आमच्या मदत केंद्राने. हे केंद्र म्हणजे जिल्ह्यातल्या चार भल्या माणसांनी उभी केलेली संस्था. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारी गरम डबा, दवाखान्यात न्यायला गाडी, आणि रोज सकाळी एक फोन, "उठलात का? चहा झाला का? गोळी घेतली का?" मागच्या खोलीत आम्ही: कुबड्या, वॉकर, हवेच्या गाद्या. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की परत आणावं. यातलं 'न्यावं' तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं.

एका काकूंनी मला तीन आठवड्यांसाठी नेलं. त्यांचा पाय बरा झाला आणि मी दोन वर्षं गच्चीत पडून राहिले. माझ्यावर उशा वाळल्या, तुळशीची कुंडी बसली, मग मांजरीने चार पिल्लं घातली. केंद्रातून फोन आला की काकू म्हणायच्या, "अहो, आत्ता कशी देऊ? बाळंतीण आहे." खोटं नव्हतं ते.

परत आले तेव्हा मी गंजून कुईकुई करत होते. केंद्राच्या ताईंनी मला घड्याळवाल्या काकांच्या हवाली केलं. हे काका दुकान मुलाला देऊन केंद्रात फुकट दुरुस्त्या करायला यायचे. आयुष्यभर घड्याळं उघडलेला माणूस. जे हलतं त्याला तेल द्यायचं, हा त्यांचा धर्म. डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझी चाकं, बिजागऱ्या, स्क्रू, सगळं तेलाने न्हाऊ घातलं. ब्रेकसुद्धा.

"घ्या, आता लोण्यासारखी पळेल," काका म्हणाले.

"पळेल हो," ताई म्हणाल्या, "पण थांबेल ना?"

"थांबायचं कशाला? थांबलं म्हणून तर लोक माझ्याकडे आणतात!"

ताई हसल्या. मीसुद्धा हसले. तिथेच चुकलं.

मग मी ड्रायव्हरआजोबांकडे गेले. छत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"मी पुढे बसून गाडी हाकलेली आहे. मागून ढकललेलं मला चालायचं नाही."

"कोण ढकलतंय?" ताई म्हणाल्या. "स्वतः हाका की."

हे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसू लागले. दांड्याला भोंगा बांधला. मला 'खुर्ची' कधी म्हणाले नाहीत, 'गाडी' म्हणायचे. मित्रांनो, मांजरीनंतर इतकी माया मला कुणी लावली नव्हती.

पण आजोबांची लेक काळजीने अर्धी झाली होती. ती दूरच्या शहरात राहायची. रविवारी येऊन तिने सरळ सांगितलं, "बाबा, तिकडे तुमची खोली तयार आहे. पडदेसुद्धा लावलेत."

"खिडकीतून काय दिसतं?"

"समोरची भिंत."

"मग पडदा कशाला?"

"विषय बदलू नका! इथे तुमचं कोण करणार?"

बरीच खडाजंगी झाली. शेवटी ताईंनी तोड काढली. आजोबांनी एकट्याने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जायचं, गोळ्या घ्यायच्या आणि परत यायचं. ताई मागून चालत येतील, हात लावणार नाहीत, कागदावर लिहून घेतील. जमलं तर आजोबा इथेच राहतील. नाही जमलं तर लेकीबरोबर जायचं. दिवस ठरला मंगळवार.

लेक आत गेल्यावर आजोबा माझ्या दांड्यावरून हात फिरवत म्हणाले, "लेक गुणाची आहे गं. पण तिथे मी पाहुणा. इथे डोळे मिटूनही मला साखरेचा डबा सापडतो. सांभाळून घे."

सोमवारी दिवसभर घरातल्या बोळात सराव झाला. चपलांचं कपाट दोनदा पडलं. जमीन सपाट, त्यामुळे ब्रेक लावायची वेळच आली नाही.

मंगळवारी आम्ही निघालो. वळताना आजोबांनी हात बाहेर काढून इशारा दिला, मागे फक्त ताई होत्या तरी. दुकानापर्यंत हलकासा चढ आहे. आजोबा दम खात, पण झोकात तो चढले. दुकानदाराने गोळ्या दिल्या, आजोबांनी ब्रेक ओढला आणि गोळ्यांचं पाकीट खिशात ठेवायला दोन्ही हात सोडले.

ब्रेक माझ्या चाकाला टेकला आणि गुळगुळीत घसरला. मी निघाले. मागे.

"आजोबा, ब्रेक!" ताई ओरडल्या.

"लावलाय! बाजूला व्हा!"

ताई कुंपणाला चिकटल्या. आम्ही त्यांच्यासमोरून गेलो. आजोबांनी मान मागे वळवली, एका हाताने भोंगा दाबला, दुसऱ्या हाताने चाकाची कड धरली. भाजीवाल्याची गाडी डावीकडे गेली. कुणाची तरी वाळत घातलेली चादर आमच्या डोक्यावर आली. चादरीखालून आजोबा आपले, "पोंऽ पोंऽ, आस्ते, आस्ते," करत होते. छत्तीस वर्षांत उलटी बस त्यांनी कितीदा आगारात घातली असेल! चाक दाबलं, मी वळले, आणि फाटकातून थेट अंगणात जाऊन उभी राहिले. लेकीच्या पायापासून वीतभर लांब.

चादर बाजूला झाली.

"बाबा, हे काय होतं?"

"रिव्हर्स," आजोबा म्हणाले. खिशातून गोळ्या काढून त्यांनी तिला दाखवल्या.

ताई धापा टाकत आल्या. कागद काढला. दुकानात गेले का? गेले. परत आले का? आले. कुणाची मदत लागली का? नाही. तोंड कुठल्या दिशेला होतं, हे कागदात विचारलेलंच नव्हतं.

लेक आधी रडली, मग इतकी हसली की उचकी लागली. "राहा," ती म्हणाली. "पण आधी तो ब्रेक नीट करून घ्या."

तर मित्रांनो, तुम्हाला माझी कळकळीची विनंती आहे. आमची काळजी घ्या, पण डोळे उघडे ठेवून घ्या. पळणाऱ्या भागाला तेल द्या, थांबवणाऱ्या भागाला देऊ नका. आम्हाला रोज पुसा, आणि काम झालं की परत पाठवा. आमची वाट बघत कुणीतरी घरात अडकून पडलेलं असतं.

त्या दिवशी आजोबा आत कॉटवर जाऊन टेकले. मी दारात, अंगणाकडे जाणाऱ्या उताराच्या तोंडाशी उभी होते. "बघू तरी, यात बसतात कसं," म्हणून लेक माझ्यावर बसली. या वेळी फाटक बंद होतं.

तिच्या पायाला सहा आठवड्यांचं प्लास्टर आहे. ती सध्या वडिलांकडे राहते. साखरेचा डबा तिला आजोबाच काढून देतात. केंद्राने तिच्यासाठी दुसरी खुर्ची पाठवली. आज सकाळी आम्ही दोघी बोळात समोरासमोर आलो. बापलेकीपैकी कुणीही गाडी मागे घेतली नाही. डबा घेऊन आलेल्या ताईंना खिडकीतून आत यावं लागलं.