अण्णांची पाठ आणि मागचं चाक

आमच्या घरात सगळ्यात हट्टी मी आहे, असं सगळे म्हणतात. खरंच आहे ते. पण वेळच तशी आली होती. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ट्रॅक्टर, मोटरसायकल दोन्ही बंद केलं. कमरेला पट्टा बांधून बसायला हरकत नाही, पण धक्का बसता कामा नये, असं बजावलं. कुंडलच्या आमच्या घरापासून द्राक्षबाग लांब, वाट खाचखळग्यांची. अण्णा चालत निघायचे आणि अर्ध्या वाटेत बांधावर बसून राहायचे. शेवटी त्यांनी माझ्या चुलतभावाला, भरतेशला, बोलावून सांगितलं, "औंदाचा माल उतरला की खरड छाटणीपासनं बाग तूच बघ."

भरतेश वाईट माणूस नाही. पण बाग हातातून गेली की अण्णा खाटेवर पडून टीव्हीवरच्या बातम्या बघणार आणि मरणाची वाट बघणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला ते चालणार नव्हतं.

मी सांगलीत विश्रामबागला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करते. शनिवारी संध्याकाळी एसटी धरून गावी येते. मांडवाखालून, वेलींच्या ओळींमधून जाईल अशी एक बुटकी चारचाकी करायची, गो-कार्टसारखी, दोन सिटांची, असं मी ठरवलं. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "लोकांच्या पोरी सोनं आणत्यात, ही भंगार आणती."

माझ्या शाळेतल्या आसिफचं पलूस रस्त्याला वेल्डिंगचं दुकान आहे. त्याच्याकडे पाइपांचा सांगाडा झाला, जुन्या मोटरसायकलचं इंजिन बसलं. मागचा आस मी सरळ सांगाड्यालाच बोल्टांनी आवळला होता. गुळगुळीत ट्रॅकवरच्या गाड्यांना तसाच असतो. दुकानामागच्या नांगरटीत एक चक्कर मारून आले तर दातावर दात आपटून जीभ चावली गेली.

"ह्यात अण्णांना बसवणार?" आसिफ म्हणाला. "आगं, बापाचा जीव घेशील."

तेव्हा कळलं की सगळं मागच्या चाकांवर अडलं आहे. सिटा नेमक्या त्यांच्याच वर होत्या. चाकाला बसलेला दणका थेट पाठीत जाणार. मग मी चिमट्याचं ड्रॉइंग केलं. चिमटा म्हणजे आस धरून वरखाली हलणारा लोखंडी दांडा, पुढच्या टोकाला बिजागरी, मागच्या टोकाला चाकं. चिमटा आणि सांगाडा यांच्यामध्ये दोन शॉकअप. कॉम्प्युटरवर तो इतका छान हलला की मी ऑफिसात एकटीच हसले.

तसा चिमटा बसवून गाडी काढली, तर नांगरटीत पहिल्याच ढेकळावर चेन निसटली. पुन्हा चढवली, पुन्हा निसटली. चूक माझीच होती. बिजागरी मी इंजिनाच्या चेनचक्रापासून वीतभर खाली ठेवली होती. चाक वर आलं की दोन चक्रांमधलं अंतर बदलायचं आणि चेन ढिली पडायची. उभ्या गाडीचं ड्रॉइंग मी चालत्या गाडीला घातलं होतं. माझा असा संताप झाला की हातातला पाना भिरकावला. तो दुकानाच्या पत्र्यावर धाडकन आदळला.

"पत्र्यानं काय केलंय तुझं?" आसिफ म्हणाला. "आन ती बिजागरी हिकडं, कापतो."

बिजागरी चेनचक्राच्या अगदी शेजारी नेली. चेन जागेवर राहिली. आता प्रश्न शॉकअपचा. ते फारच कडक लागत होते, पण अण्णांच्या पाठीवर प्रयोग करायची माझी छाती नव्हती. माझी पाठ धडधाकट, तिला काय कळणार?

तोवर बागेत माल उतरायला लागला होता. पिकलेल्या द्राक्षांना धक्के बसले की घडाचे मणी गळतात, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चार क्रेट मिळून अण्णांच्या वजनाचे होतात. मी ते शेजारच्या सीटवर रचून दोरीनं आवळले आणि गाडी चरावरून, बांधावरून हाकली. पहिल्या चकरीला क्रेटच्या तळाशी मण्यांचा खच पडला. शॉकअपचं खालचं टोक चाकापासून बिजागरीकडे सरकवलं की तोच शॉकअप मऊ लागतो. सरकवलं. मणी कमी गळले. अजून सरकवलं, तर सांगाडाच खाली टेकून आपटला. मग थोडं मागं. कापायचं, जोडायचं, क्रेट चढवायचे. सूर्य बुडायच्या आत जेवून घ्या म्हणून आई हाका मारून थकायची.

एका रविवारी क्रेट उपडे केले, तर ओंजळभरच मणी निघाले. आईनं त्यातलेच दोन तोंडात टाकले. "एवढं तर डोक्यावरनं आणलं तरी गळत्यात," ती म्हणाली. मी आसिफच्या पाठीत धपाटा घातला.

"मी काय द्राक्षाचा क्रेट हाय व्हय?" अण्णा कुरकुरले. पण पट्टा बांधून बसले.

मी अगदी हळू निघाले. बागेत भरतेश माणसांकडून घड काढून घेत होता. तो हातातलं काम सोडून बघत राहिला. पहिल्या ओळी नीट गेल्या. अण्णा मान वर करून वेली बघत होते. मग पाण्याचा चर आला. मागची चाकं चढली, उतरली आणि अण्णांनी शेजारचा पाइप गच्च धरला. चेहरा पांढरा पडला. मी गाडी थांबवली.

"दुखलं?"

ऑपरेशन झाल्यापासून या प्रश्नाचं त्यांचं एकच उत्तर होतं, न्हाई. डॉक्टरांनासुद्धा तेच. भरतेश धावत आला. "काका, थांबा, मी उचलून घेतो. प्राची, बास आता, लय झालं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाग गेलीच, असं वाटलं.

अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"दुखलं," ते म्हणाले. "पण चाकाला दणका बसला तवा न्हाई. सीट खाली गेली, ती झ्याक गेली. मग तिनं मला वर फेकलं, तवा कळ आली. बसताना न्हाई, उठताना."

स्प्रिंगनं धक्का गिळावा, एवढाच विचार मी केला होता. गिळलेला धक्का ती परत कशी देते, ते पाहिलंच नव्हतं. मणी दोन्ही वेळेला गळतात, आणि कधी गळला ते क्रेट सांगत नाही. स्प्रिंगला परत येताना आवरून धरतं ते शॉकअपमधलं तेल. आमचे शॉकअप जुने, त्यातलं तेल पाण्यासारखं झालेलं.

"जाड तेल घालते," मी म्हणाले. "मग स्प्रिंग सावकाश उठेल."

"कवा घालशील?"

"पुढच्या रविवारी."

अण्णा पाइप सोडून सावरून बसले. भरतेशला म्हणाले, "छाटणीला माणसं घिऊन तू ये. पर बाग मीच बघणार हाय." मग माझ्याकडे वळले. "आन तू, दुखलं का म्हणून इचारत जाऊ नगंस. कवा दुखलं, ते इचार. सांगतो."