काठ धरून राहिलेली निरगुडी

मित्रांनो, मी पाताळगंगेच्या काठावरची निरगुडी. आज माझं खोड मनगटाएवढं आहे, पण इथे आले तेव्हा मी नुसती बिनमुळाची काठी होते.

लोधिवलीजवळ हिरामण आणि विमलबाईचं घर नदीला लागून आहे. एका पावसाळ्यात काठ ढासळत ढासळत त्यांच्या परसापर्यंत आला. हिरामणने दगडांचा डबर आणून टाकला, तो पुराने नेला. मग विमलबाईने माहेरच्या बांधावरून निरगुडीच्या काठ्या आणल्या आणि उतारावर ओळीने रोवल्या. त्यांतली मी एक. पहिला उन्हाळा फार भीतीत गेला. माझी मुळं केसासारखी बारीक, आणि पाणी रोज खाली खाली जात होतं. विमलबाई कळशीने पाणी घालायची, म्हणून जगलो. शेळ्या आमच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, तेही बरं झालं. पुढे आमची मुळं एकमेकींत गुंतली आणि काठ थांबला. कुणाचे गुडघे दुखले की शेकायला आमचा पाला न्यायचे.

गेल्या वर्षी हिरामणची नात निशिगंधा चेंडू शोधत आमच्यात शिरली आणि तिच्या पायाजवळून घोणस सरकत गेली. पोर वाचली, पण हिरामणने धसका घेतला. दुसऱ्या दिवशी तो कोयता आणि टिकाव घेऊन आला.

"अवो, फांद्या छाटा. मुळांना हात नका लावू," विमलबाई म्हणाली.

"पोरीपरीस झाड मोठं हाय का?"

"पोरगी झोपते ते घर कशावर उभं हाय?"

हिरामणने टिकाव उचलला. गोठ्याच्या बाजूची अर्धी ओळ त्याने मुळासकट खणून काढली. टिकावाचा एकेक घाव मला मातीतून कळत होता. माझी पाळी आली तेव्हा विमलबाई येऊन माझ्यासमोर बसली. ती उठेना. शेवटी त्याने आमच्या फांद्या तेवढ्या छाटल्या.

यंदा श्रावणात नदी चढली. खणलेल्या बाजूला चीर पडली.

"जनावरं सोडा आधी," विमलबाई ओरडली.

हिरामणने दावी कापली. शेवटचं वासरू बाहेर आलं आणि मागोमाग गोठा नदीत गेला. काठ तुटत तुटत माझ्यापर्यंत आला. माझी एका बाजूची मुळं उघडी पडली. शेजारणींच्या मुळांना धरून मी उभी राहिले. घर वाचलं.

पाणी ओसरल्यावर हिरामण आमच्याच फांद्या तोडून ढासळलेल्या जागी रोवू लागला.

"वाकड्या लागल्या गं," तो म्हणाला.

"लागू द्या. धरल्या म्हंजे झालं."

मित्रांनो, काठावरचं झुडूप दाट झालं तर छाटा, त्यात पाय जपून टाका, पण त्याच्या बुडाशी टिकाव नेऊ नका. हिरामणच्या त्या नव्या काठ्यांना अजून मुळं फुटलेली नाहीत आणि आभाळ पुन्हा भरलं आहे. मी माझी मुळं त्यांच्याकडे लांबवते आहे. तोवर पाऊस दम धरेल का, मला ठाऊक नाही.