फटीपुरता उजेड

रविनाने कणगीमागून बाटली ओढून काढली. दिवाळीची सुट्टी संपवून हॉस्टेलवर परतताना, बाटली दारात ठेव, दिवसभर ऊन लागू दे, असं तिने आईला दहादा बजावलं होतं. आणि बाटली इथे अंधारात! सोमवारी कॉलेजात प्रकल्प दाखवायचा होता. तो बुडाला तर वर्ष बुडालं.

चुलीपुढे बसलेल्या तिच्या आईने, बारकीने, खोकला आवरत कारण सांगितलं. दारात कोंबड्या चोची मारत होत्या, म्हणून तिने बाटली आत नेली. भाताचं बीसुद्धा मोड यायला झाकूनच ठेवतात, तर हे का नको? तेवढं सांगून ती पुन्हा खोकत बसली. महिनाभर खोकला काही हटत नव्हता.

बाटलीत खाडीचा चिखल होता, वर खारं पाणी. कुजक्या अंड्यांसारखा वास येतो म्हणून हॉस्टेलच्या मुलींनी ती खोलीबाहेर काढली होती, तेव्हा रविनाने ती घरी आणून ठेवली. ज्या वायूचा तो वास, त्याच्यावरच चिखलातले हे जिवाणू जगतात. समुद्रात खोल, जिथे हवा नाही आणि उजेड जेमतेम, तिथे ते हिरवे होतात; तोच हिरवा रंग तिला बाटलीत दाखवायचा होता. रविनाला हे तोंडपाठ होतं. घरी सांगताना मात्र म्हणे दिवसभर ऊन! कोण म्हणेल हिला शिकलेली?

तिने बाटली उजेडाकडे धरून फिरवली. मागच्या बाजूला काळ्या चिखलात एक उभी हिरवी रेघ उमटली होती, बोटभर रुंद.

ती तशीच कणगीमागे वाकली. दरवर्षीसारखी कुडाची सगळी भिंत थंडीआधी शेणामातीने लिंपलेली होती. एक बोटभर फट तेवढी उघडी होती, तिच्यातून गार वारा येत होता, आणि फटीलगत आईची वाकळ अंथरलेली.

"आये, ही फट का नाय लिंपलीस?"

"पार काळोखात कोन जगंल गो? तुज्या बाटलीला ठेवली."

"आन् तू इथंच निजतेस?"

"मांजर बाटली पाडील ना."

 रविनाने अंगणातून शेणमाती कालवून आणली आणि ती फट हातानेच बुजवली. सोमवारला अजून चार दिवस आहेत, एवढी कसली घाई, म्हणून बारकी करवादली.

 बाटली घेऊन रविना दारात, पडवीच्या सावलीत बसली आणि अंधार पडेपर्यंत कोंबड्या हाकत राहिली.