आठ फांद्यांचं झाड आणि बाहुलीचा डोळा

मी झाड बोलतोय. पण मला पाणी घालू नका, कॉम्प्युटर बिघडेल.

तपासणीच्या खोलीत मशीनमध्ये झोपवून माणसाच्या आतले फोटो काढतात ना, त्यांतून माझा जन्म होतो. आधी मी अख्खी छाती एका खोक्यात धरतो. खोक्यात सगळीकडे एकच असेल, नुसती काळी हवा किंवा नुसतं पांढरं हाड, तर तिथेच थांबतो. सरमिसळ असेल तर खोक्याचे आठ भाग करतो. म्हणजे मला आठ फांद्या फुटतात. त्यातल्या ज्या फांदीत पुन्हा सरमिसळ, तिला पुन्हा आठ. असं करत मी अगदी आत पोचतो. रिकाम्या जागी उगाच वेळ घालवत नाही, याचा मला थोडा गर्व आहे.

त्या दिवशी दोन वर्षांची एक मुलगी आली. तीन महिने खोकला, श्वास घेतला की छातीत शिट्टी. औषधाच्या बाटल्या संपल्या, शिट्टी काही थांबली नाही. लेक मशीनमध्ये गेली तेव्हा काचेपलीकडे आईनेच श्वास धरून ठेवला होता.

मशीनवाल्या ताईंचा कॉम्प्युटर जुना आणि बाहेर ही रांग. चित्र लवकर दिसावं म्हणून त्यांनी मला पाचव्या पायरीवर, म्हणजे पाचव्यांदा आठ भाग झाले की, थांबायला सांगून ठेवलं होतं. तिथे सरमिसळ उरलीच तर मी करडा रंग भरून मोकळा. डॉक्टर म्हणाले, कफ दिसतोय, औषध बदलून देतो.

आई उठेना. पडद्यावरच्या एका करड्या चौकोनावर बोट ठेवून तिने विचारलं, हा ना काळा ना पांढरा, असा का? ताई म्हणाल्या, तिथे सगळं मिसळलंय.

"मग उघडा ना तो."

"बाई, बाहेर वीस माणसं बसलीत. शोधताय तरी काय?"

"हिच्या बाहुलीचा हरवलेला डोळा. काचेचा, मसुराएवढा. घरातला एकेक डबा उपसला मी. ज्यात एकच जिन्नस होता तो नुसता पाहिला, ज्यात सतरा वस्तू होत्या तो पालथा केला. घरात नाहीये तो, ताई. एवढा एकच डबा राहिलाय."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मला आणखी दोन पायऱ्या दिल्या.

कितीतरी हुशार माणसांनी मला हाताळलंय. पण माझी रीत कुणी न शिकवता जिला ठाऊक, अशी ही पहिलीच. करड्या चौकोनातून आठ फांद्या फुटल्या, त्यांतून आणखी. मधोमध पांढराशुभ्र ठिपका. डॉक्टर खुर्ची ओढून पडद्याजवळ आले.

त्याच दिवशी घशातून बारीक नळी घालून त्यांनी बाहुलीचा डोळा काढला.

महिन्याने खात्रीसाठी ती लेक पुन्हा आली. या वेळी ताईंनी मला कुठेच अडवलं नाही. त्यांना माझं एकच मागणं होतं, अर्ध्यात थांबवू नका, आणि ते त्यांनी न सांगता ऐकलं. डोळा होता ती जागा आता काळी, नुसती हवा. तिथे मला एकही फांदी फुटली नाही. झाड असून मला त्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.