शिडाच्या कापडाची बॅग आणि अकरा क्लब

मित्रांनो, मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते. माझी चेन अर्ध्यावर अडकते, एका बंदाला दोरीचा जोड आहे आणि माझा मूळचा रंग पांढरा होता, हे आता कुणाला खरं वाटणार नाही. मी एका फुटबॉलपटूची बॅग आहे. फिंटन त्याचं नाव. तुम्ही ते ऐकलेलं नसेल.

आयर्लंडमधल्या स्लायगो या समुद्राकाठच्या गावी माझा जन्म झाला. फिंटनची आई होड्यांची शिडं शिवायची. मुलगा सतराव्या वर्षी इंग्लंडच्या क्लबात निघाला, तेव्हा उरलेल्या शिडाच्या कापडातून तिने मला शिवलं. मला फार अभिमान वाटला होता.

इंग्लंडमध्ये तीन वर्षांत तो दोनच सामने खेळला. मग त्याला मोकळं केलं. पुढे स्कॉटलंड, परत आयर्लंड, पुन्हा स्कॉटलंड. तो डाव्या बाजूचा बचावपटू. भरवशाचा, पण ज्याचं चित्र कुणी भिंतीवर लावत नाही असा. एका स्कॉटिश गावात त्याने शेवटच्या मिनिटाला गोलरेषेवरून चेंडू परतवला आणि संघ खालच्या विभागात घसरता घसरता वाचला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, माझ्यावर बिअर सांडली. जूनमध्ये पत्र आलं, नव्या मोसमात तुमची गरज नाही. माझा बिअरचा वास अजून गेला नव्हता.

असे क्लब बदलत बदलत आम्ही अमेरिकेत आलो. अकरावा क्लब मिनेसोटातला. तिथल्या ईडन प्रेरी गावात मोरेश्वरकाका आणि शोभनाकाकूंचं बेसमेंट त्याने भाड्याने घेतलं. काका निवृत्त इंजिनिअर, काकू चाळीस वर्षं हाडांच्या डॉक्टर. फिंटन कठडा धरून, एका अंगाने जिना उतरतो, हे काकूंनी पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं.

गेल्या हिवाळ्यात याही क्लबाने त्याला सोडलं. चौतीस वर्षांचा डावा बचावपटू कुणाला हवा असतो? पण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या एका छोट्या क्लबाने चाचणीला बोलावलं. फिंटन मला हातात घेऊन वर स्वयंपाकघरात आला.

"डॉक्टर, एक ओळ लिहून द्या. गुडघा ठीक आहे एवढंच."

"ठीक नाहीये, फिंटन."

"एकच सीझन."

"आणि त्यानंतर?"

काका मराठीत पुटपुटले, "अगं, दे ना लिहून. सतरा वर्षं त्याने हेच केलंय. दुसरं काय करणार तो?"

"अहो, म्हणूनच नाही देणार. उद्या त्याला चालता आलं नाही, तर ती ओळ माझ्या हातची असेल."

फिंटनने मला जिन्यावरून खाली फेकलं. चार दिवस तो त्या दोघांशी बोलला नाही. पाचव्या दिवशी, पत्राशिवायच, आम्ही विमानात बसलो.

फ्रीमाँटला तो छान खेळला. खोटं कशाला सांगू, मीही मैदानाच्या कडेला पडल्या पडल्या आशा धरली. नंतर तपासणीच्या खोलीत त्याने मला पायांशी ठेवलं. तिथल्या डॉक्टरने कागदावरून मान वर न करता विचारलं, "काही दुखणं?"

हा प्रश्न त्याला प्रत्येक क्लबात विचारला गेला होता. दर वेळी तो हसून 'नाही' म्हणायचा. या वेळी त्याने वाकून गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "डावा गुडघा. सहा वर्षं झाली."

करार झाला नाही. बाहेर बाकावर बसून त्याने फोन लावला.

"डॉक्टर, मी खरं सांगितलं. त्यांनी घेतलं नाही."

"रडतोयस का?"

"हो."

"रड. आणि मग घरी ये. काका एअरपोर्टला येतील. ऑपरेशनचं मी बघते."

ऑपरेशन मंगळवारी आहे. पुढे तो काय करेल, त्यालाही ठाऊक नाही, मलाही नाही. पण परत आल्यापासून तो शांत झोपतो आहे.

मित्रांनो, तुमच्या गावातल्या मैदानावरून कुणी खेळाडू सगळ्यांच्या मागून सावकाश बाहेर पडताना दिसला, तर त्याला स्कोअर विचारू नका. दुखतंय का, ते विचारा. तो 'नाही' म्हणाला, तरी थोडा वेळ थांबा.