टेप पाठ झाला

"हा झाला घराचा घ. आता टेप थांबवा आणि पाटीवर घ लिहा," मारुतीच्या पारावर बसलेल्या बाया एका सुरात म्हणाल्या, आणि कोकिळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टेप बंदच होता. परभणीहून तपासणीला आलेल्या साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर तो साहेबांच्याच थाटात बसला होता. बाया पुस्तकं उघडून म्हणत होत्या. टेपमधल्या पुण्याच्या बाई जिथं खाकरल्या होत्या, तिथं धुरपताबाईही खाकरली. साहेबांना हसू आलं नाही. ते मान डोलवत होते. "सूचनासुद्धा मुखोद्गत," ते सरपंच आप्पारावांना म्हणाले. आप्पारावांची छाती फुगली.

बायांना साक्षर करायचा हा अभ्यासक्रम परभणीच्या कचेरीत शिजला होता. खेड्यात रात्रीचा वर्ग घ्यायला मास्तर मिळत नाहीत, तर टेप शिकवील, असं कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं. नवऱ्यानं टाकलेली, सातवी पास कोकिळा माहेरीच होती. तिला वर्ग चालवायला नेमलं. चालवायचा म्हणजे काय, तर सेल घालायचे आणि बटण दाबायचं.

पण बाया कोणत्या, हे कचेरीनं विचारलंच नव्हतं. लग्नात एकदा ऐकलेलं गाणं जन्मभर न विसरणाऱ्या बाया त्या. दोन महिन्यांत त्यांनी अख्खा टेप तोंडपाठ केला. मग अक्षराकडे बघायची गरजच कुणाला उरली नाही. बोट ओळीवरून फिरायचं, डोळे गोठ्याकडे असायचे, आणि तोंड टेपसारखं चालायचं.

कोकिळानं हे ओळखलं तेव्हा ती एसटीनं परभणीला गेली. पुढल्या वर्षाच्या आखणीची बैठक चालू होती. तिनं उभं राहून सांगितलं, की टेप मधेमधे गप्प राहू द्या, बायांना अक्षर शोधू द्या. कोऱ्या कॅसेटी द्या, आमच्या एसटी गाड्यांवरची, बियाण्याच्या पिशव्यांवरची नावं त्यात घालते. साहेब गोड हसले. हे धडे तज्ज्ञांनी केलेत, तुम्ही फक्त बटण दाबा, म्हणाले. त्या दिवशी परतीच्या गाडीत ती सबंध वाटभर मनातल्या मनात भांडत आली. सापडलेली एकही शिवी तिनं बाकी ठेवली नाही.

तिचा एवढा जीव तुटत होता तो धुरपताबाईसाठी. पाचटीच्या खोपटात ऊसतोडीला निम्मं आयुष्य घालवलेली म्हातारी. आई शेवटच्या घटका मोजतेय म्हणून निरोप आला, तेव्हा ती एकटीच निघाली. देवगाव फाट्यावर उतरली आणि सेलूची म्हणून मंठ्याच्या गाडीत चढली. उलट्या दिशेला कितीतरी लांब गेल्यावर कंडक्टरनं हटकलं. परत फिरून माहेरी पोचली तर राख सावडून झाली होती. तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं: गाडीवरची पाटी वाचता यावी.

आणि आज साहेब तिला साक्षर ठरवायला निघाले होते. गाव साक्षर झालं की वर्ग बंद, टेप दुसऱ्या गावाला.

कोकिळा तडक उठली. तिनं धुरपताबाईच्या हातातलं पुस्तक घेतलं, उलटं केलं आणि परत तिच्या हातात दिलं.

"म्हण आता, मावशी."

धुरपताबाई म्हणत राहिली. धडा एका अक्षरानंही चुकला नाही. पाराखाली उभे असलेले बापे खो खो हसले. म्हातारीच्या ध्यानात आलं तसा तिचा आवाज बारीक होत गेला आणि तिनं पदर तोंडावर ओढला. कोकिळाला स्वतःचाच राग आला. दगड साहेबांना मारला होता, लागला मावशीला.

"बाया वाचायल्यात कुठं, साहेब? बोलायल्यात नुस्त्या," ती तरीही म्हणाली.

"कोकिळा, गावाची अब्रू काढू नको," आप्पाराव दरडावले.

साहेबांनी मात्र आवाज चढवला नाही. सही येते ना सगळ्यांना, मग झालं, म्हणाले. सही करणारा माणूस आमच्या लेखी साक्षर. त्यांनी कागद पुढे सरकवला, पेनचं टोपण काढलं, आणि वयाचा मान म्हणून धुरपताबाईला आधी बोलावलं.

सही तिला येत होती. आपलं नाव तिनं रांगोळीसारखं घोटून घोटून बसवलं होतं. ती उठली. पेन हातात घेतलं, आणि खाली ठेवलं. आप्पारावांच्या पुढ्यात ग्रामपंचायतीच्या शिक्क्याची शाईची डबी होती. तिनं त्यात अंगठा बुडवला आणि कागदावर नीट दाबला.

"अवं, सई येती ना तुला?" आप्पाराव म्हणाले.

"येती की. सई केली तर वर्ग बंद करायलाव तुमी. अन् मला आजून वाचता येत न्हाई."

तिच्यामागून दुसरी उठली, मग तिसरी. कुणी कुणाला खूण केली नाही. कागद निळ्या ठशांनी भरला. साहेबांनी तो चुरगळून खिशात कोंबला, टेप उचलून जीपमध्ये ठेवला आणि उद्यापासून तुम्ही कामावर नाही, असं कोकिळाला सांगून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बाया तिच्या अंगणात येऊन बसल्या. ती कोळशानं भिंतीवर गाड्यांची नावं लिहायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. धुरपताबाई एकेका अक्षराशी झटायची, चिडायची, उठून जायची, परत यायची.

उन्हाळ्यात गावाच्या वेशीवर पिवळी पाटी लागली. कचेरीनं त्या चुरगळल्या कागदाचं काय केलं कोण जाणे. कोकिळा संतापून पाटीकडे बघत उभी होती, तोच सरपणाचा भारा घेऊन धुरपताबाई रानातून आली. थांबली. भारा डोक्यावर तसाच ठेवून बघू लागली.

"हे... गा... व... सं... पू..." जोडाक्षरापाशी अडली. कोकिळानं सांगितलं नाही. "र्ण... सा... क्ष... र... आ... हे."

तिनं ते एकदा सबंध जुळवून म्हटलं. मग म्हणाली, "खोटं लिवलंय, बाई." आणि भारा सावरून ती घराकडे चालू लागली.